ऑनलाइन अर्ज येतात, पण प्रवेशाच्या सॉफ्टवेअरात हातानंच भरायचे का?

खिडकी नं. ३ · १८ मे, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतंच वाचत होतो, आज अडलंय म्हणून लिहायलो.

बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं अनुदानित सीनियर कॉलेज. बीए, बीकॉम, बीएस्सी. मी ऑफिसात कनिष्ठ लिपिक, प्रवेशाची खिडकी माझ्याकडं. दोन वर्षांपूर्वी प्राचार्यांनी प्रवेश अर्ज ऑनलाइन केला, म्हणजे गुगल फॉर्म केला. पोरं घरबसल्या भरतात, छान. पण पावत्या, हजेरीपट, टीसी हे सगळं निघतं वेगळ्या सॉफ्टवेअरातून, जे संस्थेनं एका कंपनीकडून घेतलंय. दोघांची एकमेकांशी ओळखच नाही.

त्यामुळं मागच्या जूनमध्ये पोरानं मोबाइलवर भरलेला अर्ज आम्ही कागदावर छापायचो आणि तो कागद बघून चौघंजण परत सॉफ्टवेअरात टाइप करायचो. ग्रंथालय परिचर, खेळाचे सर, सगळे बसवले होते. चौदाशेच्या वर अर्ज. नंतर विद्यापीठाच्या पोर्टलवर तीच माहिती तिसऱ्यांदा.

सॉफ्टवेअरात ‘एक्सेल इम्पोर्ट’ असं बटण आहे. दाबलं तर ४३ कॉलमचा नमुना मिळाला. आमच्या फॉर्मचे कॉलम त्यात बसवले, फाइल चढवली, तर ‘एरर इन रो २’. एवढंच. रो २ मध्ये काय चुकलं ते नाही. ती रो काढून चढवली की ‘एरर इन रो ३’. मधल्या काही रो चढल्या, काही नाही. विसाव्या रोपर्यंत गेलो आणि हात टेकले.

बारावीचा निकाल लागलाय, गर्दी आलीच. हे आपोआप जाईल असं काही करता येतं का? मला एक्सेल येतं, व्हीलुकअप येतं, त्यापुढं पाटी कोरी.

परभणीकर जर्मन · १८ मे, रात्री १०:०५

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडं तर प्राचार्यच म्हणायले की ऑनलाइन अर्ज आला की त्याची प्रिंट काढून फाइलला लावा, म्हणजे ऑनलाइन झालं. जगात जर्मनी, भारतात परभणी.

गोदातीर · १८ मे, रात्री ११:२०

खिडकीदादा, आधी एक सांगा. गुगलच्या शीटमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाइल) उतरवून घेतली आणि ती डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, असंच केलंत ना?

असेल तर निम्मं दुखणं तिथंच आहे. डबल क्लिक केलं की एक्सेल स्वतःची अक्कल चालवतं. पिशवीतून धान्य काढताना अर्धं सांडावं तसं. आकडा दिसला की त्याला तो गणिताचा आकडा वाटतो. सुरुवातीचं शून्य उडवतो. १२ अंकी आधार क्रमांक १.२३४५७ई+११ असा दाखवतो, आणि तीच फाइल परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच लिहून टाकतो. मूळ नंबर गेला. त्याहून वाईट म्हणजे एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा खरा धरतं. ‘सरल’ या शालेय शिक्षण विभागाच्या पोर्टलचा विद्यार्थी आयडी १९ अंकी, त्याचे शेवटचे चार अंक गुपचूप शून्य होतात. बघणाऱ्याला वाटतं, नंबर तर पूर्ण आहे.

डबल क्लिक बंद. कोरं एक्सेल उघडा, डेटा टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा, आणि सगळेच्या सगळे कॉलम टेक्स्ट करा. तारखेचासुद्धा. मराठी नावांच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसत होती का? तेही यानं थांबेल.

खिडकी नं. ३ · १९ मे, दुपारी १:१५

काका, तुम्ही घरी येऊन बघितल्यासारखं लिहिलंत. डबल क्लिकच केलं होतं.

पण ज्या रो चढल्या त्या बरोबर असतील ना? त्या राहू देऊ का?

मांजराकाठचा · १९ मे, दुपारी २:०३

दादा, जे अडलंय त्याची काळजी नका करू. जे चढलंय त्याची करा. एक काम करा, चढलेल्यांपैकी पाचेक जणांची जन्मतारीख मूळ अर्जाशी ताडून बघा.

खिडकी नं. ३ · १९ मे, दुपारी ३:३०

घाम फुटला. एका पोरीचा जन्म ४ ऑगस्टचा, सॉफ्टवेअरात ८ एप्रिल आलाय. दुसऱ्याचा ५ जुलैचा ७ मे झालाय. हे कामून?

मांजराकाठचा · १९ मे, रात्री ९:५०

आता सावकाश लिहितो, लातूरला एका कॉलेजात हेच काम मी तीन हंगाम केलंय.

तुमचं सॉफ्टवेअर तारीख अमेरिकी पद्धतीनं वाचतंय, आधी महिना मग दिवस. १२ तारखेनंतर जन्मलेल्यांचा ‘महिना’ तेरावा नाहीतर त्याच्याही पुढचा येतो, म्हणून ते अडले. १ ते १२ तारखेला जन्मलेले सरळ आत गेले, दिवस-महिना उलटे होऊन. पुढं शिष्यवृत्तीच्या अर्जात जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळली नाही की पोरगं तुमच्या खिडकीवर येऊन रडणार, आणि तेव्हा कुणालाच आठवणार नाही की हे मे महिन्यातल्या एका बटणानं केलं. आधी त्या रो काढून टाका. तारीख द्यायची तर वर्ष आधी लिहून द्या, २००८-०८-०४ अशी. बहुतेक सॉफ्टवेअरं ती सरळ वाचतात, तरी दोन रो चढवून खात्री करा.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही विचारलं, आपोआप कसं जाईल. पाठवणं सोपं आहे, गुगल शीटला ॲप्स स्क्रिप्ट (गुगलचाच छोटा प्रोग्रॅम) जोडता येते, ती ठरल्या वेळी चालते. घोडं पेंड खातं ते वेगळीकडं. हा अर्ज आणि काल आलेला अर्ज एकाच पोराचा आहे, हे यंत्रानं ओळखायचं कशावरून? एकच पोरगं तीनदा अर्ज भरतं. पहिल्यांदा फोटो विसरतं, दुसऱ्यांदा विषय बदलतं, तिसऱ्यांदा नुसतंच भरतं. तुम्ही ओळख कशावरून ठरवली होती?

खिडकी नं. ३ · १९ मे, रात्री १०:१०

मोबाइल नंबरवरून. प्रत्येकाचा वेगळा असतो म्हणून.

ई-सेवावाला · १९ मे, रात्री १०:४८

असतो का वेगळा? 🙂

मी हिंगोली जिल्ह्यात सेवा केंद्र चालवतो. पोरं कागदाची थैली घेऊन येतात. निम्म्यांचा फोन घरी, वडलांच्या खिशात, वडील ऊसतोडीला नाहीतर पुण्याला. ओटीपी आला तर सांगणार कोण? म्हणून आम्ही आमचाच नंबर टाकतो. शिवाय गुगल फॉर्ममध्ये फोटो-मार्कमेमो अपलोड करायचा असला की गुगल खात्यानं लॉगिन मागतंय. पोराला पासवर्ड आठवत नसतो. मग माझ्याच खात्यातून. मागच्या वर्षी एका कॉलेजचे साठेक अर्ज माझ्या एका ईमेलवरून गेले असतील.

चूक आमची म्हणा, पण रांग बाहेर उन्हात उभी असती.

प्रवेश समितीतली बाई · १९ मे, रात्री ११:१५

ई-सेवावाले दादांनी खरं ते सांगितलं, याबद्दल त्यांचे आभार. आमच्याकडे सहा मुलींचे अर्ज एका मुलीच्या नावावर एकत्र झाले होते, कारण सहाही अर्जांत नंबर एकच. यंत्राने ‘जुनाच विद्यार्थी आहे, माहिती बदलतो’ असे समजून प्रत्येक वेळी आधीची माहिती पुसली. सहावी मुलगी तेवढी शिल्लक राहिली. पाच जणींची नावे गुणवत्ता यादीत नव्हती.

आणि नावावरूनही ओळख ठरवू नका, ही कळकळीची विनंती. आमचे सॉफ्टवेअर नावाचे मोकळ्या जागेवर तुकडे करते: पहिले नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आपल्या भागात ‘शेख अमुक शेख तमुक’ अशी नावे प्रत्येक वर्गात आहेत. त्याचे चार तुकडे झाले, आडनावाच्या रकान्यात वडिलांचे नाव गेले आणि ‘शेख’ हे पहिले नाव झाले. हजेरीपटावर एका तुकडीत अकरा जणांचे पहिले नाव शेख. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, हे आणखी वेगळेच.

मांजराकाठचा · २० मे, सकाळी ७:३०

बाई, तुमचा शेवटचा परिच्छेद फळ्यावर लिहून ठेवण्यासारखा आहे. नावाचे तुकडे यंत्रानं करूच नयेत. फॉर्ममध्येच चार रकाने द्या: आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं, आईचं. आणि पाचवा, ‘दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसं पूर्ण नाव’. छापताना पाचवा वापरा. इंग्रजीवरून मराठी नाव आपोआप करायच्या फंदातही पडू नका. यंत्र काळेंचं ‘काले’ करतं, आणि टीसी हातात पडल्यावर ते कळतं.

ओळखीसाठी आम्ही बारावीचा बैठक क्रमांक, परीक्षेचं वर्ष आणि महिना हे तिन्ही एकत्र धरतो. एक अक्षर आणि सहा आकडे. तो मार्कमेमोवर छापलेला असतो, पोराचा स्वतःचा असतो, सेवा केंद्रवाल्याचा नसतो. फॉर्ममध्येच नियम लावा की एक अक्षर आणि पुढं सहा आकडे नसतील तर पुढं जाऊच नये, नाहीतर शून्याच्या जागी ओ लिहिणारे भेटतात. सीबीएसई, मुक्त विद्यापीठ, परराज्यातले वेगळे, त्यांना वेगळा पर्याय. ते थोडे असतात, ते हातानं केले तरी चालतं. सगळंच यंत्राकडून करून घ्यायचा हट्ट धरला की जुलै उजाडतो.

मग रचना अशी:

फॉर्म आला की लगेच चालणारी छोटी स्क्रिप्ट त्याला अर्ज क्रमांक देते. दोन अर्ज एकाच क्षणी आले तर दोघांना एकच नंबर जाऊ नये म्हणून ‘लॉकसर्व्हिस’ नावाची सोय आहे, ती वापराच. मी पहिल्या वर्षी वापरली नव्हती.

रात्री दुसरी स्क्रिप्ट नवे अर्ज उचलून एका मधल्या तक्त्यात ठेवते. आम्ही त्याला ‘ओटा’ म्हणतो. माणूस आधी ओट्यावर बसतो, मग घरात येतो. ओट्यावर तपासणी होते: तारीख खरी आहे का, पिनकोड सहा अंकी आहे का, विषयांचा गट आपल्याकडं आहे का. आपल्या भागातले बहुतेक पिन ४३१ नाहीतर ४१३ नं सुरू होतात, दुसरं काही आलं तर पिवळा रंग. चूक नसेलही, पण बघावं. जे साफ आहेत तेच तुमच्या ४३ कॉलमच्या नमुन्यात जाऊन फाइल बनते. बाकीचे ओट्यावरच, आणि प्रत्येकासमोर मराठीत कारण.

ॲप्स स्क्रिप्ट एका वेळी सहा मिनिटंच चालते, म्हणून हजार अर्ज एकदम नको, थोडे थोडे.

आणि जिल्ह्यांची एक जुळवणीयादी करा. औरंगाबाद, छ. संभाजीनगर, छत्रपती संभाजीनगर, संभाजीनगर हे चारही एकच. उस्मानाबाद आणि धाराशिव एकच. पोरांच्या कागदांवर दोन्ही नावं आहेत, अजून काही वर्षं राहतील. गावांचंही तसंच, अंबाजोगाई आणि आंबेजोगाई.

डेमो दाखवतो · २० मे, सकाळी ११:४०

मी कॉलेजांना असली सॉफ्टवेअरं विकायच्याच धंद्यात आहे, कंपनीचं नाव सांगत नाही. आम्हाला शिव्या घालण्याआधी दोन शब्द ऐका.

एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअरांनी एकमेकांशी थेट बोलायची सोय, का देत नाही, हे प्रत्येक कॉलेज विचारतं. दिली तर ती सांभाळायला माणूस लागतो, आणि वर्षाची देखभाल फी वाढवली की संस्था म्हणते दुसरा बघतो. म्हणून फाइलवर काम भागवतो. पण इम्पोर्टमध्ये दोन गोष्टी तुम्ही हक्कानं मागा, आमच्यात बहुतेकांकडं असतात, फक्त बंद ठेवलेल्या असतात. एक, चुकांची पूर्ण यादी एका फाइलमध्ये. दुसरी, ‘फक्त नवीन घाला’ आणि ‘जुन्यात बदल करा’ हे वेगवेगळे पर्याय. तोंडी मागू नका, प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्या. पत्र आलं की आमच्या ऑफिसातही हलतं काहीतरी.

अवांतर: आमच्या जुन्या आवृत्तीत मराठी नाव श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये साठतं, त्यात युनिकोड चढवलं की कचरा दिसणार. तसं असेल तर मराठी कॉलम कोरा सोडा आणि आवृत्ती बदलून मागा.

परभणीकर जर्मन · २० मे, दुपारी १२:०२

एवढं कशाला? सेलेनियम नावाच्या प्रोग्रॅमनं ब्राउझर चालवायचा, तोच फॉर्म भरतो, तोच सेव्ह दाबतो. आपण चहा प्यायचा.

गोदातीर · २० मे, दुपारी १२:३०

जर्मन, तो चहा मी पिऊन बसलोय. दोन वर्षांपूर्वी. साइट हळू चालली, सेव्ह झालं की नाही कळलं नाही म्हणून त्यानं परत दाबलं. सत्तरएक पोरांच्या दोन-दोन पावत्या. त्या रद्द करायला लेखापालासमोर रोज उभा राहायचो. शिवाय कंपनीनं बटणाची जागा बदलली की सगळं बंद. भर जूनमध्ये बदलतात, का कुणास ठाऊक.

फीचंही त्यात घालू नका दादा. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. यूपीआयचा १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) वेगळा घ्या आणि बँकेच्या स्टेटमेंटशी जुळला तरच पावती.

प्रवेश समितीतली बाई · २० मे, रात्री ८:५५

एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते तीच सर्वांत नाजूक. प्रवर्ग.

मुलगा अर्ज भरताना एसईबीसी (मराठा समाजाचा प्रवर्ग) लिहितो. दोन आठवड्यांनी कुणबी प्रमाणपत्र घेऊन येतो, मग तो ओबीसी. हैदराबाद गॅझेटमधील जुन्या नोंदींवरून कुणबी प्रमाणपत्र देण्याविषयीच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर आपल्याकडे असे बदल मध्येच होणार, हे गृहीत धरा. एखादीचे नॉन-क्रीमीलेअर मागच्या वर्षीचे निघते. वंजारी आणि धनगर मुले नुसते ‘एनटी’ लिहितात. एनटी-सीला (धनगर) साडेतीन टक्के आणि एनटी-डीला (वंजारी) दोन, म्हणजे नुसत्या ‘एनटी’ने यादी चुकते. आम्ही मूळ प्रमाणपत्र पाहून सॉफ्टवेअरात दुरुस्ती केली, आणि रात्री इम्पोर्टने अर्जातला जुना प्रवर्ग परत आणून बसवला. सकाळी यादी लागली ती चुकीची. कोणी मुद्दाम केले नव्हते. पण लोकांना ते सांगून पटते का?

(मूळ विषयावर राजकारण नको, कॉलमचे बोलू या.)

मांजराकाठचा · २० मे, रात्री ९:४०

बाई, तुमच्या या एका प्रसंगासाठी हा धागा. उत्तर आहे, आणि साधं आहे. दोन कॉलम ठेवायचे. ‘अर्जात लिहिलेला प्रवर्ग’ आणि ‘कागद पाहून ठरवलेला प्रवर्ग’. इम्पोर्टला फक्त पहिल्याला हात लावायची मुभा. दुसरा माणूसच भरणार, खाली त्याची सही. गुणवत्ता यादी दुसऱ्यावरून. तीच गोष्ट जन्मतारखेची आणि नावाची. ज्या रकान्यावर एकदा कुणी मूळ कागद ठेवून टिक केली, तिथं यंत्रानं परत पाय ठेवायचा नाही. कंपनी दुसरा कॉलम देत नसेल तर ‘फक्त नवीन घाला’ एवढाच पर्याय वापरा आणि बदल खिडकीवरच करा. काम थोडं वाढतं, वाढू द्या.

गोदातीर · २० मे, रात्री १०:१५

अजून एक, कुणी बोललं नाही म्हणून. ती गुगल शीट ‘लिंक असलेल्या कुणालाही’ उघडी नाही ना? जातीचे दाखले, मुलींचे फोटो, आधार, सगळं त्यात असतं. एका कॉलेजची शीट मी स्वतः व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरताना पाहिलीय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांच्या संमतीची तरतूद आहे. अकरावीवाल्यांनी तर बघाच. आधार लागतंच असेल तर शेवटचे चार अंक दिसणारं मास्क केलेलं घ्या.

खिडकी नं. ३ · २१ मे, सकाळी १०:२०

शीट उघडीच होती. बंद केली. प्राचार्यांना सांगितलं नाही, नुसतीच बंद केली.

पत्र टाइप करायलो. बाकी संध्याकाळी.

खिडकी नं. ३ · ९ जून, रात्री ११:०५

धागा वर काढतोय.

कंपनीनं पत्रानंतर चौथ्या दिवशी चुकांची यादी आणि ‘फक्त नवीन’ दोन्ही चालू करून दिलं. दुसरा प्रवर्ग कॉलम नाही दिला, म्हणून तो आमच्या ओट्यावरच ठेवलाय आणि बदल खिडकीवर करतो, रजिस्टरला सही घेऊन. मांजराकाठच्या दादांनी फोनवर बसून स्क्रिप्ट लिहून दिली, त्यांना दंडवत. फॉर्म नवा केला. बैठक क्रमांक सक्तीचा.

पहिल्या रात्री २१४ अर्ज. १७६ आत गेले, ३८ ओट्यावर. त्यातले नऊ जण बैठक क्रमांकाच्या जागी हॉलतिकिटाचा फोटो चिकटवायला बघत होते. एका पोरानं पिन ११०००१ लिहिला होता, मी फोन केला तर म्हणाला, दिल्लीचा लक्षात होता म्हणून टाकला. खेळाचे सर मैदानावर आहेत, परिचर ग्रंथालयात.

एक गोष्ट मात्र मी हुशारी करायला गेलो. ओट्यावर अडकलेल्यांना आपोआप एसएमएस जाईल असं केलं, ‘आपला अर्ज अपूर्ण आहे, अमुक त्रुटी’. काल दुपारी एक माणूस मोटारसायकलवर आला, रागानं लाल. आपल्या गावातलाच सेवा केंद्रवाला. एका रात्रीत त्याला २६ एसएमएस गेले होते, २६ वेगवेगळ्या पोरांचे. मी म्हटलं बसा, चहा घ्या. तर त्यानं पिशवीतून वही काढली. पोराचं नाव, गाव, आणि वडलांचा खरा नंबर, सगळं ओळीनं लिहिलेलं. म्हणला, तुमचा फॉर्म कधी विचारतोय का हा दुसरा नंबर?

आज फॉर्ममध्ये तो रकाना घातला. ‘अर्ज भरून देणाऱ्याचा मोबाइल’ वेगळा, ‘घरचा मोबाइल’ वेगळा.

ई-सेवावाला · १० जून, सकाळी ८:१२

वही आमच्याकडंबी आहे. कुणी मागितली नव्हती आजवर.